तळ्याच्या मध्यावर

धाकट्या दिराचा फोन आला तेव्हा मी डायलिसिस सेंटरच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. आत नवऱ्याला मशीन लावून दोन तास झाले होते, अजून दोन व्हायचे होते. गेले तीन आठवडे दीर माझा फोन उचलत नव्हता. मी सकाळी लावायचे, दुपारी शाळेच्या ऑफिसातून लावायचे, मेसेज टाकायचे. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर यायचं नाही. त्यामुळे त्याचं नाव दिसल्यावर मी इतक्या घाईनं उठले की मांडीवरची फाईल खाली पडली आणि रिपोर्ट लादीवर पसरले.

"वहिनी, रविवारी दादाला नॅशनल पार्कला आणाल का?" तो म्हणाला. "तळ्यावर जाऊ, बोटीत बसू. किती वर्षं झाली गेलो नाही."

"आणते की. तारीख मिळाली का रे?"

"भेटल्यावर बोलू ना," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मी खाली बसून कागद गोळा केले. मला वाटलं, ठरलं ह्याचं. दादाला स्वतः तोंडानं सांगायचं असेल, म्हणून बाहेर बोलावतोय.

तारीख म्हणजे समितीपुढे जायची तारीख. किडनी देणारा आणि घेणारा, दोघांना तिथं बसवून विचारतात, स्वखुशीनं देताय ना, कुणाची जबरदस्ती नाही ना. तेवढंच राहिलं होतं. दिराच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. रक्तगट जुळला होता, बाकीचंही जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, इतकं चांगलं जुळणं रोज बघायला मिळत नाही.

त्याच्या आधी माझी तपासणी झाली होती. मी तर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, माझी काढा. रक्त दिलं, लघवी दिली, आणि चार दिवसांनी हॉस्पिटलातल्या बाईंनी मला टेबलाशी बोलावलं. "ताई, तुम्हाला शुगर आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत नव्हतं?" मला माहीत नव्हतं. नवऱ्याच्या किडन्या रक्तदाबानं खाल्ल्या तेही आम्हाला कुठं माहीत होतं. एका घरात दोघं एकमेकांशेजारी बसून जेवत होतो आणि दोघांच्याही आत काही ना काही बिघडत चाललं होतं. त्या दिवशी घाटकोपर स्टेशनपासून घरापर्यंत मी रडत चालत आले. आजारानं रडू आलं नव्हतं. आयुष्यात एकदाच ह्या शरीराचा काही उपयोग होणार होता, तोही नाही झाला, म्हणून येत होतं.

माझा नवरा बसच्या डेपोत मेकॅनिक होता. जालन्याकडच्या गावातून मुंबईला आला, आणि आईबाप पाठोपाठ गेल्यावर बारा वर्षांच्या भावाला घेऊन आला. माझं लग्न झालं तेव्हा दीर चौदा वर्षांचा होता. एका खोलीत तिघं. त्याच्या शाळेचा डबा मी केला, दहावीला त्याच्यासोबत पहाटे मी उठले, त्याच्यासाठी मुलगी बघायला गोवंडीला मी गेले. आम्हाला मूल झालं नाही. कुणी विचारलं तर नवरा म्हणायचा, हा आहे की. दीर लिफ्ट दुरुस्त करायच्या कामाला लागला, लग्न झालं, दोन मुली झाल्या, सासुरवाडीजवळ गोवंडीलाच राहू लागला. तरी सणावाराला पहिला आमच्याकडे यायचा.

बुद्धपौर्णिमेला आम्ही तिघं कान्हेरीला जायचो. नॅशनल पार्कच्या फाटकापासून लेण्यांपर्यंत चालत, वर बसून वंदना म्हणायची, डबा खायचा, आणि उतरल्यावर तळ्यावर पॅडल-बोट. बोट दोघा भावांची. मी काठावर चपला सांभाळायचे. मला पाण्याची भीती वाटते.

तर त्या रविवारी आम्ही निघालो. हिवाळ्याचे दिवस होते. शनिवारी डायलिसिस झालं की रविवार त्यातल्या त्यात बरा जायचा. तोंडावरची सूज उतरलेली असायची, श्वास मोकळा असायचा. मी सकाळी उठून नवऱ्याचं जेवण केलं. क्षार उतरावेत म्हणून बटाटे चिरून दोनदा पाणी बदलून उकळलेले, दोन भाकऱ्या, बिनमिठाची दुधी. दिरासाठी वेगळा डबा, त्याला आवडतं ते सुकं चिकन. आणि पाण्याची बाटली. नवऱ्याला दिवसाला पाऊण लिटर पाणी. चहा, डाळ, गोळ्यांबरोबरचा घोट, सगळं त्यातच धरायचं. लघवी बंद झालेल्या माणसानं प्यालेलं पाणी जायला जागा नसते, ते अंगात साठतं, मग फुप्फुसात चढतं. हे मला डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं. तेव्हापासून घरातलं पाणी माझ्या ताब्यात होतं. रोज सकाळी मी बाटली भरून ठेवायचे आणि ती संपली की संपली. तो मागायचा नाही. फक्त बाटलीकडे बघायचा. कधी मी भांडी घासत असले तर नळाकडे बघत बसायचा. मी नळ बारीक करायचे.

मेट्रोनं गेलो, मध्ये बदलली, नॅशनल पार्कच्या स्टेशनावर उतरलो. जिना उतरताना तो दोनदा थांबला. डाव्या हातावर डायलिसिसच्या सुयांची जागा होती, त्या हाताला धक्का लागू नये म्हणून मी त्या बाजूनं चालत होते. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढी केली होती.

"आज खुशीत आहात," मी म्हणाले.

"भावाला भेटायचंय ना," तो म्हणाला.

दीर फाटकाशी उभा होता. एकटाच आला होता, बायको नाही, मुली नाहीत. वाळला होता. त्यानं वाकून दादाच्या पायांना हात लावला, मग माझ्या, आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. माझ्याकडे त्यानं सरळ बघितलं नाही. मला ते तेव्हा लक्षात आलं होतं. मी मनाला समजावलं, तीन आठवडे फोन उचलला नाही त्याची लाज वाटत असेल.

आत रविवारची गर्दी होती. चादरी अंथरून बसलेली कुटुंबं, बॅडमिंटन खेळणाऱ्या मुली, वेफर्सचं पाकीट हिसकावायला टपलेली माकडं. तळ्याचं पाणी हिरवट आणि स्थिर होतं, कडेला पानं साठली होती. तिकिटाच्या खिडकीशी दिरानं दोघांचं तिकीट काढलं. घाटावरच्या माणसानं नवऱ्याच्या अंगात नारिंगी जॅकेट चढवलं, तेव्हा मी म्हणाले, "डावा हात जपून हां, त्याला ओढू नका." तो माणूस हो म्हणाला. दिरानं दादाला धरून बोटीत बसवलं.

"तू पाय नुसते ठेव दादा, पॅडल मी मारतो," तो म्हणाला.

"मारतो मी पण थोडं. पाय शाबूत आहेत माझे," नवरा म्हणाला आणि हसला.

मी काठावरच्या कट्ट्यावर बसले. दोघांच्या चपला माझ्या पायाशी होत्या. बोट हळूहळू लांब गेली, आणि तळ्याच्या मध्यावर जाऊन थांबली.

आधी मला वाटलं दमले असतील. आजूबाजूच्या बोटी फिरत होत्या, पोरं पाणी उडवत होती, ती एक बोट तेवढी हलत नव्हती. मला दोघांच्या पाठी दिसत होत्या. बराच वेळ नवरा बोलत होता, हे मला त्याच्या उजव्या हातावरून कळत होतं, बोलताना त्याला हात हलवायची सवय होती. मग दिरानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलताना दिसले. नवऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मला काठावर बसून रडू यायला लागलं. चांगल्या अर्थानं. मला वाटलं, सांगितलं त्यानं. मी मनातल्या मनात पुढचं ठरवायला लागले. ऑपरेशननंतर दिराला आमच्याकडेच ठेवायचं, जावेला बोलवून घ्यायचं, शाळेतून दीड महिना रजा काढायची. दोघांना वेगवेगळ्या खोल्या लागतील तर शेजारणीची खोली मागायची. इतकं सगळं मी त्या पंधरा-वीस मिनिटांत ठरवलं.

घाटावरच्या माणसानं शिट्टी मारली. वेळ संपली होती. बोट हलेना, म्हणून त्यानं दुसऱ्यांदा मारली. मग पॅडल फिरायला लागली.

उतरल्यावर नवरा म्हणाला, "भूक लागली. जेवू या."

आम्ही झाडाखाली चादर टाकली. दिरानं चिकन ताटलीत घेतलं आणि नुसतं चिवडत बसला. नवरा मात्र सगळं जेवला. मी दोघांच्या तोंडाकडे बघत होते, कुणीतरी बोलेल म्हणून. शेवटी दीर हात धुवायला नळावर गेला तेव्हा मी त्याच्या मागे गेले.

"कितवी तारीख?" मी विचारलं.

तो नळ तसाच सोडून माझ्याकडे बघायला लागला. "दादानं तुम्हाला सांगितलं नाही?"

"काय?"

"दादा म्हणाला, नको देऊस."

मला आधी नीट ऐकूच आलं नाही. नळाचं पाणी पडत होतं. मी तो बंद केला.

"तू काय म्हणालास?"

"मी नाहीच म्हणायला आलो होतो, वहिनी." तो खूप हळू बोलत होता. "हिच्या घरचे ऐकत नाहीत. ही दोन रात्री मुलींना घेऊन बसून राहिली. मला पण भीती वाटते. खोटं कशाला बोलू. रात्री स्वप्नात टेबलावर झोपलेला दिसतो मी. आज दादाला सांगायचंच असं ठरवून आलो होतो. पण मी तोंड उघडायच्या आधी तोच म्हणाला. म्हणाला, मला तुझी किडनी नको, तू आजपासून सुखानं झोप."

"आणि तू गप्प बसलास."

"हो," तो म्हणाला.

त्याला मारावंसं वाटत होतं, चौदा वर्षांचा असता तर मारलंही असतं. मी चादरीकडे परत आले. नवरा पाठीवर आडवा झाला होता आणि वर झाडात बघत होता.

"मला न विचारता?" मी म्हणाले.

त्याला कळलं मी कशाबद्दल बोलतेय ते. "तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे काय? माझा काही हक्क नाही?"

"त्याचं तोंड बघितलंस तू? फाटकाशी उभा होता तेव्हा?" तो उठून बसला. "बारा वर्षांचा असताना गावाहून आणला ना, तेव्हा गाडीत असाच बसला होता. मी म्हटलं असतं दे, तर दिली असती त्यानं. माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. म्हणून तर मागायची नव्हती."

"आणि मी? माझं काय?"

तो डब्यांची झाकणं लावायला लागला. मी वाट बघितली. मला आजही वाटतं, बोटीत बसून त्यानं भावाचा विचार केला, भावाच्या बायकोचा केला, मुलींचा केला, आणि माझ्यापर्यंत येईपर्यंत शिट्टी वाजली.

दीर आम्हाला मेट्रोपर्यंत सोडायला आला. फाटकाच्या आधी पाण्याची टाकी आहे, तिथं लोक बाटल्या भरत होते. नवरा थांबला. त्यानं ओंजळ धरली आणि प्यायला. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. शर्टाचा पुढचा भाग भिजला. दीर माझ्याकडे बघत होता, मी अडवीन म्हणून. गेल्या दीड वर्षात मी नवऱ्याला एक घोट जास्त प्यायला दिला नव्हता. त्या दिवशी मी हाताची घडी घालून उभी राहिले. मनात असं आलं, पी. तुला जगायचंच नाही तर पी. तो पोटभर प्यायला, रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "बरं वाटलं." मला दीड वर्षात त्याच्या तोंडून ते शब्द ऐकायला मिळाले नव्हते.

सोमवारी दुपारी त्याचा श्वास लागला. आडवं होता येईना, बसून पुढे वाकून श्वास घेत होता, ओठ काळे पडले. मी शाळेतून धावत आले, शेजाऱ्यांनी रिक्षा आणली. हॉस्पिटलात डॉक्टर मला ओरडले, "पाणी किती प्यायले? लक्ष कुणाचं होतं?" मी म्हणाले, माझंच होतं. त्यांनी लगेच मशीन लावलं. त्या वेळी तो वाचला. मशीनवर असताना त्यानं माझा हात धरला आणि मी तो सोडवून घेतला. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर आमच्यात भांडण असं झालं नाही. मी पुन्हा बाटली भरायला लागले, बटाटे दोनदा उकळायला लागले. मृत दात्याची किडनी मिळायच्या यादीत त्याचं नाव घातलं, तिथं त्याच्या पुढे खूप माणसं होती. तो दर आठवड्याला तीनदा मशीनवर जात राहिला, आणि दर वेळी थोडा कमी होऊन परत येत राहिला. घरी आम्ही टीव्ही लावून बसायचो. पूर्वी तो बातम्यांवर काही ना काही बोलायचा, नेत्यांना शिव्या घालायचा. आता मी उत्तर देत नाही म्हटल्यावर तोही थांबला. एकदा म्हणाला, "तू माझ्याशी नीट बोल ना गं." मी म्हणाले, "बोलते की. काय हवंय?" तो म्हणाला, "काही नाही."

मी बोलायला हवं होतं. मला वाटत होतं वेळ आहे. राग उतरला की बोलू, मशीनवर माणसं दहा-दहा वर्षं काढतात.

पुढच्या दिवाळीच्या आधी एका गुरुवारी, मशीन चालू असतानाच त्याचं हृदय थांबलं. मी बाहेर त्याच बाकावर होते. आत धावपळ झाली, एक नर्स बाहेर आली आणि तिनं मला उठवून आत नेलं. त्याच्या अंगात अजून नळ्या होत्या. मी त्याचे पाय चोळले, ते गरम होते.

दीर आला. सगळं त्यानंच केलं, खांदाही दिला. पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात लोक बोलायला उठले, डेपोतले मित्र बोलले, वस्तीतले बोलले. दिराला बोलायला सांगितलं तर तो उभा राहिला आणि तसाच खाली बसला. लोकांना वाटलं दुःखानं. नळावरचं बोलणं फक्त त्याला आणि मला माहीत होतं.

सगळे गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला.

"वहिनी, त्या दिवशी दादा नको म्हणाला ना, तेव्हा मी एकदाही म्हटलं नाही की नाही, देतो मी. नुसतं तोंडदेखलं सुद्धा नाही. तो माझ्याकडे बघत होता. मला वाटतं तो वाट बघत होता."

मी त्याला म्हणू शकले असते की नाही रे, त्यानं मनापासूनच नको म्हटलं. मला नवऱ्यानं तसंच सांगितलं होतं. पण मला ते खरं वाटत नव्हतं, आणि खोटं बोलून त्याला हलकं करायची माझी इच्छा नव्हती. मी म्हणाले, "असेल."

दोन महिन्यांनी मला फोन आला. किडनीच्या यादीचं काम बघणाऱ्या बाई होत्या, आवाजावरून तरुण वाटत होत्या. पेशंटचे कागद दर वर्षी नव्यानं भरायचे असतात, तुमचे भरायचे राहिलेत, पेशंटला घेऊन कधी येता, असं विचारत होत्या. मी सांगितलं, ते गेले. "सॉरी मॅडम," म्हणाल्या. "मग मृत्यूच्या दाखल्याची एक झेरॉक्स पाठवाल का? म्हणजे यादीतून नाव काढता येईल. मागच्यांचा नंबर पुढे सरकेल."

मी हो म्हणाले. त्याच दिवशी शाळेतून येताना झेरॉक्स काढली, पाकिटात घातली, पत्ता लिहिला.

दीर आता दर रविवारी येतो. जावेनं दिलेला डबा आणतो, मी तो खाते. आम्ही मुलींच्या शाळेबद्दल बोलतो, ते संपलं की गप्प बसतो. परवा त्याला टीव्हीशेजारी ठेवलेलं ते पाकीट दिसलं. "वहिनी, हे टाकायचं राहिलंय का? मी देऊन येतो," तो म्हणाला आणि त्यानं ते उचललं.

"ठेव तिथं," मी म्हणाले.

त्यानं ठेवलं. माझ्या नवऱ्याच्या मागे त्या यादीत कुणी बाई असेल, कुणाचा मुलगा असेल, बाटली मोजून पीत असेल, हे मला कळतं. रोज घरातून निघताना मी ते पाकीट हातात घेते. अजून पाठवलेलं नाही.